चौदा दिवस कोणाचे? सोलापूरच्या हद्दीवरच्या एका वस्तीतलं हिवतापाचं प्रकरण

हे लिहून काढायचं मी बरेच महिने टाळलं, कारण यातला अर्धा भाग आमच्याच चुकांचा आहे. पण मधे दुसऱ्या तालुक्यात काम करणाऱ्या दोघांचे फोन आले की हद्दीवरच्या वस्तीत तुम्ही नेमकं काय केलं ते सांगा, आणि फोनवर सांगताना दरवेळी काहीतरी राहून जातं. म्हणून एकदाच सगळं. वस्तीचं, बांधकामाच्या साइटचं, लॅबचं, कुणाचंच नाव देत नाहीये, पेशंटचं तर नाहीच.

मी एका आरोग्य संस्थेत हिवताप कार्यक्रमाचं समन्वयाचं काम करते. समन्वय म्हणजे काय हे घरच्यांनाही नीट कळत नाही. गोळी देणारी मी नाही, रक्ताची स्लाइड बघणारी मी नाही, औषध टाकीत टाकणारीही मी नाही. हे सगळं करणारी माणसं वेगवेगळ्या ठिकाणी बसतात आणि त्यांच्या मधल्या फटीत जे पडतं ते बघायचं, एवढंच माझं काम. या प्रकरणात त्या फटीत गोळ्यांच्या एका कोर्सचे चौदा दिवस पडले होते.

आधी जागा सांगते. सोलापूरच्या पूर्वेला, अक्कलकोट रोडच्या अंगाला. १९९२ ला शहराची हद्दवाढ झाली आणि आजूबाजूचा बराच भाग आत आला, पण वस्ती काय तिथेच थांबत नाही, ती पुढे वाढत गेली, त्यामुळे या वस्तीच्या पुढच्या गल्ल्या शहरात आणि नाल्याच्या पलीकडची घरं ग्रामपंचायतीत. मधला नाला म्हणजे चार ढांगा. अलीकडे तेलुगू बोलणारी घरं, पुरुष पॉवरलूमवर आणि बाया विड्या वळतात, पलीकडे अक्कलकोटकडून आलेली कन्नड बोलणारी कुटुंबं, आणि मागच्या बाजूला एका मोठ्या बिल्डिंगचं काम चालू होतं तिथे पत्र्याच्या शेडमध्ये ओडिशा आणि छत्तीसगडचे लेबर. दुकानात मराठी, घरात तेलुगू, साइटवर हिंदी. तापाला एक बाई जरम म्हणते, शेजारची ज्वर म्हणते आणि तिसरी थंडीताप.

आणि पाणी. सोलापूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही पण बाहेरच्यासाठी लिहिते, उजनी धरण भरलं तरी नळाला पाणी रोज येत नव्हतं, चार-पाच दिवसांनी यायचं, कधी त्याहून उशिरा. त्यामुळे घर दोन खोल्यांचं असलं तरी दारात दोन बॅरल, मोरीत हौद, वर सिमेंटची टाकी, शिवाय हंडे-कळश्या, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं. हिवतापाचा शहरी डास, अ‍ॅनाफिलीस स्टेफेन्सी, त्याला असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. गटारातला डास वेगळा, क्युलेक्स. पण लोकांच्या डोक्यात डास म्हणजे गटार हेच पक्कं बसलंय, त्यामुळे गटार साफ करा म्हणून मोर्चा निघतो आणि छतावरच्या टाकीचं झाकण गेले तीन वर्षं तुटलेलं असतं.

सुरुवात झाली जुलैच्या शेवटी. साइटजवळच्या एका किराणा दुकानदारानं आमच्या फील्डवरच्या ताईला सहज सांगितलं की इकडे लई लोक तापानं पडलेत, एक दिवस बरे असतात, परत हुडहुडी भरते. एक दिवसाआड हुडहुडी म्हटल्यावर तिनं लगेच मला फोन केला. मी दोन्हीकडे विचारलं. शहराकडच्या रजिस्टरमध्ये त्या गल्ल्यांचे तीन पॉझिटिव्ह होते, गावाकडच्या रजिस्टरमध्ये नाल्यापलीकडचे दोन. दोन्हीकडच्या माणसांनी आपापलं काम केलेलं होतं, स्लाइड घेतल्या होत्या, गोळ्या दिल्या होत्या. तीन म्हणजे काही साथ नाही आणि दोन म्हणजे तर नाहीच. दोन्ही आकडे एका कागदावर आले नव्हते इतकंच, आणि ते एका कागदावर आणायचं काम कुणाच्याही नोकरीत लिहिलेलं नाही.

मग आम्ही आसपासच्या खासगी लॅब फिरलो. ही पायरी नेमकी कशी केली ते सांगते कारण इथेच सगळे अडकतात. पत्र देऊन काही मिळत नाही. लॅब चालवणारा म्हणतो पेशंटची माहिती कशी देऊ, आणि त्याचं बरोबर आहे. आम्ही नावं मागितलीच नाहीत. फक्त विचारलं, गेल्या दोन महिन्यांत मलेरिया पॉझिटिव्ह किती आणि त्यातले या दोन-तीन भागातले किती, आणि त्या पेशंटना तुम्हीच फोन करून विचारा की संस्थेची ताई घरी आली तर चालेल का. एका लॅबमध्ये असे चार निघाले, चौघंही हो म्हणाले. रजिस्टरमध्ये पत्ता म्हणून फक्त शाळेमागे असं लिहिलेलं, वयाच्या जागी अ‍ॅडल्ट, आणि एकच आडनाव तीन पद्धतीनं. चौघांतला एक आधीच शहराच्या यादीत होता हे आम्हाला मोबाइल नंबरवरून कळलं, नावावरून कधीच कळलं नसतं. त्यानंतर आमचा नियमच झाला की यादी जुळवायची ती नंबरवरून.

मग दोन्हीकडच्या आरोग्य सेवकांना घेऊन तीन दिवस जलद ताप सर्वेक्षण केलं, घरोघरी ताप विचारायचा, असेल तर रक्तनमुना आणि आरडीके, म्हणजे जागच्या जागी निदान करायचं किट, दोन्ही. साइटच्या शेडमध्ये मात्र संध्याकाळी सातनंतरच जायचं, दिवसा तिथे फक्त स्वयंपाक करणारा भेटतो. सर्वेक्षणात अजून तिघं मिळाले, तिघंही लेबर. सगळे धरून अकरा. हिवतापाचे जंतू वेगवेगळे असतात, त्यातले दहा व्हायवॅक्स, आणि एक लेबर नुकताच गावाहून आलेला तो फाल्सिपेरम. त्याला त्याच रात्री एसीटी, म्हणजे फाल्सिपेरमसाठीच्या एकत्रित गोळ्या, चालू केली, तीन दिवसांचा कोर्स, दुसऱ्या दिवशी प्रायमाक्वीनचा एकच डोस, सगळ्या गोळ्या आमच्या समोर घेतल्या. फाल्सिपेरम जीवावर उठतो म्हणून सगळे त्याच्या मागे धावले, ते बरोबरच होतं, पण उरलेल्या दहांकडे आमचं तितकं लक्ष नव्हतं हे आता कळतं.

पहिले दोन आठवडे आम्ही काय केलं ते प्रामाणिकपणे लिहिते. लोकांनी धूरफवारणी मागितली, ती झाली. धूर आला की लोकांना बरं वाटतं, मुलं गाडीमागे पळतात, पण धुरानं त्या वेळी उडणारा डास मरतो, टाकीतली अळी जशीच्या तशी राहते आणि आठवड्यानं नवीन डास बाहेर. आमची स्वतःची चूक त्याहून मोठी. आम्ही कंटेनर सर्व्हे केला आणि जिथे अळी दिसली तिथे टिकमार्क केली. कोणती अळी हे बघितलंच नाही. बॅरलमध्ये भरपूर अळ्या मिळाल्या म्हणून सगळा जोर बॅरलवर लावला.

मग एक निवृत्तीला आलेले कीटक समाहारक काका आमच्याबरोबर एक सकाळ फिरले. त्यांनी पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी ओतलं आणि आमच्या पोरींना म्हणाले, हात लावू नका, नुसतं बघा ती अळी कशी बसते. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पसरलेली असली तर ती अ‍ॅनाफिलीस. शेपटीकडची नळी वर लावून डोकं खाली लटकवलेली असली तर एडिस नाहीतर क्युलेक्स. इतकं सोपं. बॅरलमधल्या जवळजवळ सगळ्या लटकणाऱ्या निघाल्या, म्हणजे एडिस, डेंग्यूवाली. ती मारलीच पाहिजे, प्रश्न नाही, पण आमचा हिवताप तिथून येत नव्हता. आडव्या अळ्या मिळाल्या तीन ठिकाणी. झाकण नसलेल्या छतावरच्या सिमेंटच्या टाक्या, वापरात नसलेली एक जुनी विहीर, आणि साइटवर लिफ्टच्या खड्ड्यात साठलेलं पाणी आणि शेजारचा क्युरिंगचा, म्हणजे काँक्रीटला मारायच्या पाण्याचा हौद. छतावर आमच्यापैकी कुणी चढलंच नव्हतं. शिडी नव्हती म्हणून. दुसऱ्या दिवशी आम्ही शिडी विकत घेतली, आणि मला आजही वाटतं की त्या वर्षीची आमची सगळ्यात उपयोगी खरेदी तीच.

या गोष्टी मार्गी लावल्या त्याचं थोडक्यात. विहिरीत गप्पी मासे सोडले. साइटच्या इंजिनिअरला आजार वगैरे सांगून फरक पडेना, पण लेबर कॉन्ट्रॅक्टरला त्याच्या हजेरीच्या वहीतच दाखवलं की तापामुळे किती खाडे पडलेत आणि दोघं तर गावाला निघून गेलेत, तेव्हा तो स्वतः इंजिनिअरकडे गेला. लिफ्टचा खड्डा पंपानं उपसायला लागले, क्युरिंगचा हौद आठवड्याला रिकामा. नवीन माणूस शेडमध्ये आला आणि अंगात ताप असला तर पहिल्याच दिवशी आम्हाला फोन, हे पण ठरलं.

टाक्यांचं मात्र जास्त लिहायला हवं. आपण सगळीकडे सांगतो आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करा, घासा, वाळवा. अंडं ते डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात म्हणून आठवड्याचा हिशोब. पण ज्या बाईला पुढचं पाणी कधी येणार ते माहीत नाही तिला भरलेला हौद ओतून दे म्हणणं मला तरी जमलं नाही. एका अक्कानं मला सरळ विचारलं, "तू येऊन भरून देणारैस का परत?" तेव्हापासून आम्ही वार ठरवणं सोडून दिलं. पाण्याची पाळी असते त्या दिवशी सकाळी भांडं तसंही तळाला आलेलं असतं, तेव्हाच घासायचं आणि मगच भरायचं. म्हणजे कोरडा दिवस कॅलेंडरवर न ठेवता नळावर ठेवला. ते लगेच पटलं कारण बाया तसंही निम्मं ते करतच होत्या, फक्त कडा घासत नव्हत्या, एडिसची अंडी तर कडेलाच चिकटून असतात.

झाकायला कापड हवं होतं. एका लूमवाल्या अण्णांनी रिजेक्ट माल फुकट दिला, टॉवेलचा. आम्हाला फार आनंद झाला, सोलापुरात टॉवेलला काय तोटा. पण टॉवेलचं कापड पाण्याला टेकलं की पाणी ओढून घेतं, जड होतं आणि बॅरलमध्ये ढासळतं, चार दिवसांत बायांनी काढून टाकलं. त्यांनीच मग जुन्या साडीचा तुकडा इलॅस्टिक लावून बसवला, तो टिकला. छतावरच्या टाक्यांना जाळी आणि झाकणं लागणार होती आणि त्याला पैसे नव्हते, कारण आमच्या बजेटमध्ये पैसे होते ते मच्छरदाण्यांसाठी. औषध लावलेल्या मच्छरदाण्या जंगलपट्ट्यात, जिथे हिवताप मुरलेला आहे तिथे फार कामाच्या, गडचिरोलीसारख्या ठिकाणी मी त्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण सोलापूरच्या उकाड्यात लोक गच्चीवर नाहीतर दारासमोर झोपतात, मच्छरदाणी बांधायला चार खुंट्या नाहीत आणि बांधली तर वारा येत नाही. बजेटचं हेड बदलून, म्हणजे मच्छरदाण्यांचे पैसे झाकणांसाठी, मागायला मला दोन मोठे मेल आणि एक लांबलचक फोन करावा लागला. देणगीदाराचं म्हणणं, मच्छरदाणीची संख्या रिपोर्टमध्ये दाखवता येते, झाकणाची कशी दाखवायची? मी टाक्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो पाठवले आणि ट्रेमधल्या त्या आडव्या अळ्यांचा व्हिडिओ पाठवला. व्हिडिओनं काम झालं.

आता मुख्य गोष्ट.

ऑगस्टच्या मध्यावर आम्ही अकरा जणांची एकत्र यादी करत होतो आणि आमची तेलुगू बोलणारी ताई एका विडी वळणाऱ्या अक्कांच्या घरी बसली होती. आधीचे रिपोर्ट आहेत का म्हणून विचारलं तर अक्कांनी विडीची पानं ठेवतात तो पत्र्याचा डबा उघडला आणि त्यातून एक चार महिन्यांपूर्वीचा लॅबचा रिपोर्ट काढला, व्हायवॅक्स पॉझिटिव्ह, आणि त्याच्यासोबत प्रायमाक्वीनच्या अठरा गोळ्या. साडेसात मिलिग्रॅमच्या, मोठ्या माणसाला रोज दोन, चौदा दिवस, म्हणजे अठ्ठावीस. पाच दिवस घेतल्या आणि ठेवून दिल्या. आमच्या यादीत अक्का नवीन रुग्ण होत्या. रजिस्टरमध्ये पण नवीन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच की व्हायवॅक्सचा जंतू रक्तात असतो तसा लिव्हरमध्ये झोपूनही राहतो. क्लोरोक्वीन तीन दिवस घेतलं, मोठ्या माणसाला चार, चार आणि दोन गोळ्या, की रक्तातला मरतो, ताप जातो, माणूस कामावर जातो. लिव्हरमधल्या झोपलेल्याला क्लोरोक्वीन काही करत नाही, त्याच्यासाठीच प्रायमाक्वीनचे चौदा दिवस, म्हणूनच त्याला समूळ उपचार म्हणतात. ते अर्धवट राहिलं की काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी तोच जंतू उठतो, परत ताप, आणि मधल्या काळात त्या माणसाला चावलेला डास पुढच्या घरी घेऊन जातो. म्हणजे टाकीला झाकण लावून आपण डास कमी करू, पण जंतू माणसांच्या आत शांतपणे बसलेला असतो आणि पुढच्या पावसाची वाट बघतो.

डबा उघडल्यावर आम्ही परत दहाही घरी गेलो आणि एकच प्रश्न विचारला, याआधी कधी असा ताप आला होता का आणि तेव्हा काय घेतलं होतं. अक्का धरून चौघांना आधी येऊन गेला होता. एकाला दोनदा. कारणं चौघांची चार. अक्का सकाळी चहा पिऊन कारखान्यात विड्या जमा करायला जायच्या, गोळी चहासोबत उपाशीपोटी घ्यायच्या, मळमळ व्हायची, ताप तर गेलेला, मग कशाला? "पोट ढवळायलंय बघा, काम होत नाही." लूमवरच्या एकाला एका दवाखान्यात आर्टेसुनेटची इंजेक्शनं दिली होती, ताप झटक्यात गेला आणि प्रायमाक्वीन लिहिलंच नव्हतं. तिसऱ्याचं वेगळंच, त्याच्या प्लेटलेट कमी आल्या म्हणून डेंग्यू धरून सलाईन लावलं, स्लाइड केलीच नाही. हिवतापातही प्लेटलेट खाली येतात हे डॉक्टरांना माहीत असतं, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात सोलापुरात ताप म्हटलं की घरचेच पहिल्यांदा प्लेटलेट किती विचारतात, त्या दबावात स्लाइड राहून जाते. चौथा साइटवरचा, त्याला पूर्ण पाकीट दिलं होतं, पण गावाला जाताना पाकीट शेडमध्येच राहिलं.

मग मी विचार केला की या चौदा दिवसांची जबाबदारी नेमकी कुणावर होती. लॅबनं रिपोर्ट दिला, तिचं काम संपलं. गोळ्या देणाऱ्यानं गोळ्या दिल्या, रजिस्टरमध्ये समूळ उपचार दिला असं लिहिलं, ते खोटं नव्हतं. आशा ताई तिसऱ्या दिवशी बघून गेल्या, ताप नव्हता. पेशंटला बरं वाटत होतं. चौथ्या दिवसापासून चौदाव्यापर्यंतचे अकरा दिवस कुणाच्याच वाट्याला आले नव्हते. आणि आम्ही, ज्यांचं कामच मधली जागा बघायचं, आम्ही शिडी, जाळ्या आणि धूर यात होतो.

त्यानंतर जे केलं ते अगदी साधं आहे. प्रत्येक पेशंटसाठी एक साक्षीदार ठरवला, आणि तो आमचा माणूस नाही, त्याच्याच रोजच्या आयुष्यातला. अक्कांसाठी शेजारी बसून विड्या वळणारी बाई. लूमवाल्यासाठी त्याच्याच पाळीतला जोडीदार. शेडमध्ये स्वयंपाक करणारा, कारण तो सगळ्यांना रात्री जेवायला वाढतो. शाळेतल्या एका पोरासाठी त्याची आजी. गोळी रात्रीच्या जेवणानंतरच, अर्धी भाकरी का होईना पोटात गेल्यावर. मळमळ त्यानं बरीच कमी झाली. एक कार्ड, चौदा चौकोन, साक्षीदारानं गोळी बघून चौकोनावर फुली मारायची. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. आमची ताई पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी जायची आणि शिल्लक गोळ्या मोजायची, फुल्यांवर विश्वास ठेवून थांबायची नाही.

आणि प्रत्येकाला त्याच्या भाषेत एक गोष्ट तीनदा सांगितली, लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, खूप थकवा आला तर पुढची गोळी घ्यायची नाही, लगेच फोन. काही माणसांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या लाल पेशी या गोळीनं फुटतात. हे सांगितलं तर लोक घाबरून गोळीच घेणार नाहीत असं आमच्यातल्या एकीचं म्हणणं होतं आणि त्यावर आमची चांगलीच वादावादी झाली. चौथ्या दिवशी सकाळी लूमवरच्या एका बावीस वर्षांच्या पोराचा फोन आला, लघवीचा रंग बदललाय. गोळी बंद केली, सिव्हिलला नेलं, दोन दिवस ठेवून घेतलं, बरा होऊन आला. त्याला सांगितलं नसतं तर तो गोळ्या घेत राहिला असता, कारण तो फार प्रामाणिक पोरगा, कार्डावर एक चौकोन रिकामा ठेवणारा नव्हता. त्या दिवसानंतर तो वाद परत निघाला नाही. माझं मत तर आता असं झालंय की चौदा दिवस पूर्ण करायचा आग्रह धरायचा असेल तर कधी थांबायचं हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर आग्रह धरूच नये.

दोन लेबरमधला एक सहाव्या दिवशी गावाला निघाला. या वेळी पाकीट आणि कार्ड त्याच्या हातात दिलं आणि उरलेले आठ दिवस शेडमधला स्वयंपाकी त्याला रोज रात्री फोन करायचा. कार्डाचा फोटो त्यानं शेवटी पाठवला, आम्ही तो पूर्ण झाला असं धरत नाही, फोनवर पूर्ण असं वेगळं लिहितो. सात जणांच्या शिल्लक गोळ्या शून्य आमच्या डोळ्यांनी बघितल्या.

आठवड्याची बैठक शनिवारी संध्याकाळी, उपकेंद्राच्या ओट्यावर, वीस मिनिटं. शहराकडचे आरोग्य सेवक, गावाकडचे आरोग्य सेवक, सिस्टर, दोन आशा ताई, आमची एक ताई आणि मी. अजेंडा एकच, कार्ड कितव्या चौकोनावर आहे. नवीन रुग्ण, कार्यक्रम, फोटो हे सगळं नंतर. सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता आणि त्यात लोक रिपोर्टचे फोटो नावासकट टाकायला लागले, ते दुसऱ्याच दिवशी बंद केलं, आता ग्रुपवर फक्त कार्डाचा नंबर आणि चौकोन. वस्तीत एकाचा आजार सगळ्यांना कळला की घरमालक खोली खाली करायला सांगतो, हे शेडच्या बाबतीत झालेलं मी पाहिलंय.

रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला, आधी हिवताप झाला होता का, केव्हा, किती गोळ्या घेतल्या. छापील फॉर्ममध्ये तो बसत नव्हता म्हणून शेऱ्याच्या जागेत लिहायला सुरुवात केली. देशाचं ठरलेलं ध्येय २०२७ पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणि २०३० पर्यंत निर्मूलन असं आहे. १९५३ ला राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम चालू झाला, १९५८ ला निर्मूलन कार्यक्रम, आजार खूप खाली आला आणि नंतर परत उसळला, १९७१ मध्ये शहरांसाठी वेगळी योजना करावी लागली. आता आकडे लहान झालेत तर प्रत्येक रुग्ण कुठून आला हे शोधणं शक्य आहे, पण जुनाच जंतू उठलेला माणूस नवीन म्हणून लिहिला तर आपण डास शोधत छतावर चढू आणि उत्तर पत्र्याच्या डब्यात असेल.

पुढच्या पावसाळ्यात काय झालं. चौदा दिवस पूर्ण केलेल्या सातांपैकी एकाला सप्टेंबरमध्ये परत व्हायवॅक्स निघाला. जुना उठला की नवीन डास चावला हे आमच्याकडच्या साधनांनी सांगता येत नाही आणि मी तसं लिहिलंय. त्याच्या शेजारच्या टाकीचं झाकण वाऱ्यानं उडालेलं होतं, पण त्यावरून मी काही सिद्ध करणार नाही. अक्कांना परत ताप आला नाही. त्यांनी त्या अठरा गोळ्या बरेच दिवस जपून ठेवल्या होत्या, टाकवत नाही म्हणाल्या, शेवटी सिस्टरनं मागून घेतल्या. साइटचं काम संपलं, शेड उठली, आता तिथे राहायला आलेल्या लोकांनी गच्चीवर नवीन टाक्या बसवल्यात आणि त्या बघायला परत शिडी लागते.

एक कार्ड अजून कोरं आहे. दहातली एक बाई तेव्हा गरोदर होती, चौथा महिना. गरोदरपणात प्रायमाक्वीन देत नाहीत, त्यामुळे तिला फक्त क्लोरोक्वीन मिळालं आणि आम्हाला माहीत होतं की जंतू तिच्या आत आहे आणि बहुतेक उठणार. आठ आठवड्यांनी उठला. ताप आला त्याच रात्री तिच्या सासूनं फोन केला, कारण सासूला सगळं समजावून ठेवलं होतं, स्लाइड झाली, परत क्लोरोक्वीन, हिमोग्लोबिन तपासलं, लोहाच्या गोळ्या वाढवल्या. बाळंतपण सिव्हिलला झालं, मुलगी, दोघी बऱ्या आहेत. अंगावर पाजते आहे म्हणून सध्या थांबायचं आणि गोळी चालू करण्याआधी दोघींची जी-सिक्स-पीडी तपासणी करून घ्यायची असं डॉक्टरांनी सांगितलंय. शनिवारच्या बैठकीत तिच्या कार्डाचा नंबर अजूनही दर वेळी वाचला जातो, आशा ताई म्हणतात ताप नाही, आणि आम्ही चौदा रिकामे चौकोन तसेच ठेवून पुढच्या कार्डावर जातो.